सात परस

दादाला फोनवर विचारलं, "सलग आठ-दहा दिवस घरातून निघता येईल असा एक महिना सांग." तिकडे त्याने बोटं मोजायला सुरुवात केली. डिसेंबर-जानेवारीत थंडी पडते, केळीचं पान करपतं, रात्रीचं पाणी द्यावं लागतं. मार्च लागला की ऊन. एप्रिल-मेमध्ये माल निघतो आणि वावधनही नेमकं तेव्हाच सुटतं, उभी बाग एका रात्रीत आडवी. जूनमध्ये मृगबागेची लागवड. मग पाऊस. ऑक्टोबरात कांदेबाग, म्हणजे केळीचीच दुसरी लागवड. बारा महिने मोजून झाल्यावर त्यानेच मला विचारलं, "मंग कव्हा?"

विषय अंदमानचा होता. म्हणजे माझ्या लेकीने काढलेला होता. ती पुण्यात नोकरीला आहे. दोन वर्षांपूर्वी मैत्रिणींबरोबर मालवणला गेली, पाठीवर सिलिंडर बांधून समुद्राखाली जाऊन आली, आणि तेव्हापासून माझ्यामागे लागली आहे. पुढच्या वर्षी मला पन्नास पूर्ण होतील. साडी घेऊ नकोस म्हटलं, तर म्हणाली, मग पाण्याखाली चल.

मालवण जवळ पडलं असतं. लक्षद्वीपचंही बघून झालं, पण तिथे जायला आपल्याच देशात परवाना काढावा लागतो, हे ऐकून दादा बिचकला. सातबाऱ्यासाठी घातलेले खेटे त्याला आठवले असणार. "एवढं निघायचंच तं काळं पानी पाहू," असं तो म्हणाला आणि अंदमान ठरलं. लेकीला प्रवाळ पाहायचं होतं, दादाला सेल्युलर जेल. मला काय पाहायचं होतं ते मी तेव्हा कोणाला सांगितलं नाही.

आमचे हे रेल्वेत. भुसावळच्या माणसाला जगात कुठेही जायला आपल्या स्टेशनावरून थेट गाडी आहे असं वाटतं, आणि बऱ्याचदा ते खरंही निघतं. नवजीवन चेन्नईला नेते, गीतांजली हावड्याला. दोन्हीकडून पुढे विमान, दोन-सव्वादोन तासांचं. ह्यांचा आग्रह असा, की जिथपर्यंत पास चालतो तिथपर्यंत पैसे मोजायचे नाहीत. चेन्नईहून बोटही जाते, साधारण तीन दिवस लागतात, हे कळल्यावर दादा एकदम खुलला. मग जाऊन-येऊन सहा दिवस पाणी कोण देणार, हे त्याचं त्यालाच आठवलं आणि तो पुन्हा विमानावर आला. शेवटी फेब्रुवारी. थंडी ओसरलेली, ऊन अजून चढलेलं नाही, आणि तिकडे समुद्र शांत असतो. केळीचं आणि समुद्राचं जमलं, म्हणजे बाकीच्यांचं जमवून घेता येतं.

आता विहिरीचं सांगते.

माझं माहेर यावल तालुक्यातलं, सातपुड्याच्या पायथ्याशी. आमच्या मळ्यातली विहीर पणजोबांनी बांधून काढलेली होती. एका बाजूला जुनी मोटेची धाव होती, तिच्यावर कंबरेएवढं गवत माजलेलं. आमच्याकडे विहीर परसात मोजत. परस म्हणजे उभा माणूस. पुरुष या शब्दावरूनच आलेलं माप. पावसाळ्यानंतर पाणी इतकं वर यायचं की वाकून हात बुडवता येई. आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या सुमारास ते चार परसच उरायचं. मोठी मुलं मग तळ गाठण्याची पैज लावत.

पैजेचा नियम एकच होता. एक पांढरी गारगोटी वरून सोडायची आणि बुडी मारून ती वर आणायची. गारगोटी सापडली नाही तर निदान मूठभर गाळ तरी आणायचा. रिकाम्या हाताने वर आलेल्याला "तळाला हात लावून आलो" असं म्हणायची सोय नव्हती. कोणी विश्वास ठेवत नसे. मला आठवतं, एक चुलतभाऊ खरंच खाली गेला होता, येताना त्याची मूठ सुटली, आणि तो रडेपर्यंत सगळे त्याला खोटारडा म्हणत राहिले.

मला दादानेच शिकवलं. पाठीला पत्र्याचा डबा बांधून, दोर धावेवरच्या दगडाला अडकवून. आठव्या वर्षी डबा सुटला. दहाव्या वर्षी मी वरून मुटका मारत होते. बुडी मारायला लागले तेव्हा दुसऱ्या परसाशी कान दुखायला लागायचे, डोक्यात खिळा ठोकल्यासारखे. दादा म्हणाला, नाक दाबून धर आणि बंद नाकातून फुंकर मार. फुंकर मारली. कानात टुचकन आवाज झाला आणि दुखणं गेलं. हे त्याला कोणी सांगितलं होतं, कोण जाणे. तो स्वतः म्हणतो, "इहिरीनंच सांगितलं."

मी तीन परसापर्यंत पोहोचले. तिथे पाणी एकदम गार होतं, पायांना कळतं. वर पाहिलं तर विहिरीचं तोंड ताटाएवढं दिसायचं. खाली नुसता काळोख. अजून एक परस उरला होता.

त्याच वर्षी आजीने सांगितलं, "आता बस. पोरगी मोठी झाली." एवढंच. भांडण झालं नाही, रडारड झाली नाही. दुसऱ्या दिवशी मुलं विहिरीवर गेली आणि मी आईबरोबर कळण्याचं पीठ चाळत बसले. मला बारावं लागलेलं होतं. त्याला आता ३७ वर्षं झाली.

विहीरही नंतर फार टिकली नाही. पाणी खाली गेलं तशी ती आणखी खोल केली. मग तिच्या पोटात बोअर मारले, तेही आटले. आज दादाचं बोअर सातशे फुटांवर आहे आणि त्यालाही तो पुढच्या उन्हाळ्याची खात्री देत नाही. विहीर दहा-बारा वर्षांपूर्वी बुजवली. त्या जागेवर आता केळीच्या दोन ओळी आहेत. वहिनी म्हणतात, तिथले घड इतरांपेक्षा भरदार येतात. दादा म्हणतो, तसं काही नाही.

लेकीने पाठवलेली माहिती मी चष्मा लावून नीट वाचली. पोहता न येणाऱ्यालाही हे करता येतं. प्रशिक्षक शेवटपर्यंत हात सोडत नाही. पहिल्यांदा उतरणाऱ्याला फार तर १२ मीटरपर्यंत नेतात. त्याखाली जायचं तर तीन-चार दिवसांचा अभ्यासक्रम करावा लागतो, मग १८ मीटरची परवानगी मिळते. मी लगेच हिशोब केला. पावणेसहा फुटांचा माणूस धरला तर १२ मीटर म्हणजे सात परस. आमच्या आखाजीच्या विहिरीपेक्षा तीन परस जास्त.

पुढे कान मोकळे करण्याबद्दल लिहिलं होतं. नाक चिमटीत धरा, तोंड मिटा, हळूच फुंका. चित्रासकट. मी तो भाग दादाला फोनवर वाचून दाखवला. तो बराच वेळ हसत होता.

एका बाबतीत मात्र विहिरीचं शिक्षण साफ उलटं पडतं. तिथे सगळी करामत श्वास धरण्यात होती. इथे पहिला नियम असा, की श्वास कधीही धरायचा नाही. सिलिंडरमध्ये प्राणवायू असतो असं मला वाटत होतं. तसं नाही, आपली नेहमीची हवाच दाबून भरलेली असते. दहा मीटरवर पाण्याचा भार असा, की वरच्या दुप्पट दाब होतो. तिथे छातीभरून घेतलेला श्वास धरून कोणी वर आला, तर तीच हवा छातीत फुगत जाऊन दुप्पट व्हायला बघते. फुप्फुस फाटू शकतं. म्हणून श्वास चालू ठेवायचा आणि सावकाश वर यायचं. हे वाचल्यापासून मी भाजी निवडतानाही श्वासाकडे लक्ष देते, आणि लक्ष दिलं की श्वास हमखास अडकतो.

खुणाही वेगळ्या. पाण्यात अंगठा वर केला तर त्याचा अर्थ "छान चाललंय" असा होत नाही, "मला वर जायचंय" असा होतो. छान असेल तर अंगठा आणि तर्जनी जुळवून गोल करायचा. आमचे हे घरच्या ग्रुपवर प्रत्येक गोष्टीला अंगठा देतात, अगदी निधनाच्या बातमीलासुद्धा. पाण्यात उतरले असते तर पहिल्याच मिनिटाला त्यांना वर आणून ठेवलं असतं. त्यांना पाण्यात उतरायचंच नाही, म्हणून ठीक. ते सामानाजवळ बसणार आहेत.

आणि रंग. खाली जाताना सगळ्यात आधी लाल रंग विरतो. पाणी तो शोषून घेतं. लेक म्हणाली, तुझी टिकली खाली काळपट दिसेल. वहिनींना हे अजिबात आवडलं नाही.

बेत आखताना मला वाटत होतं, आधी हिंडून-फिरून घेऊ, समुद्राखाली जायचं शेवटी, म्हणजे घाबरायला सवड मिळेल. तसं चालत नाही. खाली असताना शरीरात जास्तीचा नायट्रोजन मुरतो, तो निघून जायला वेळ द्यावा लागतो, आणि त्याआधी विमानात बसलं तर तो अंगात बुडबुडे धरतो. एकदाच उतरलात तर निदान १२ तास, जास्त वेळा उतरलात तर १८ तास विमान नको. म्हणून आमचा क्रम उलटा झाला. विमानातून उतरल्या उतरल्या बोट धरून थेट हॅवलॉक बेट, दोन दिवस पाणी, आणि मग परत येऊन जेल, डोंगर, पक्षी. हॅवलॉकचं नाव २०१८ मध्ये स्वराज द्वीप झालं, पोर्ट ब्लेअरचं २०२४ मध्ये श्री विजय पुरम. हे जुन्या नावाने शोधतात, लेक नव्या नावाने. एकाच हॉटेलचे दोन दर घेऊन दोघं आठवडाभर भांडत होते.

आणखी एक गोष्ट आम्ही धरली नव्हती. अंदमान आपल्या फार पूर्वेला, पण घड्याळ आपलंच. जळगावला सूर्य मावळतो त्याच्या तासभर आधी तिकडे मावळतो. म्हणजे फेब्रुवारीत पाच-साडेपाचला दिवस संपलाच. "चहा पिऊन निघू" म्हणणाऱ्या आमच्या घराण्याने हॅवलॉकला राधानगरच्या किनाऱ्यावरचा सूर्यास्त पाहायचा, तर दुपारची झोप सोडावी लागेल. यावर अजून एकमत नाही.

दादाच्या यादीत पहिलं नाव जेलचं. १८९६ ते १९०६ अशी दहा वर्षं ते बांधलं, मधल्या मनोऱ्यापासून सात बाजूंना सात फाटे, त्यातले तीनच आता उभे आहेत. दादाला हे सगळं पाठ आहे. माझ्या यादीत तो डोंगर आहे, ज्याच्यावरून दिसणारा देखावा जुन्या वीसच्या नोटेमागे होता. आधी माउंट हॅरिएट म्हणत, आता माउंट मणिपूर. नव्या वीसच्या नोटेवर वेरूळची लेणी आली. म्हणजे वीस रुपयांच्या नोटेने अंदमान सोडलं आणि आमच्या शेजारी येऊन राहिली. जुनी एक नोट मी पर्समध्ये जपून ठेवली आहे, तिथे उभं राहून पडताळायला.

बाराटांगवरून मात्र वाद झाला. तिथे चुनखडीच्या गुहा आहेत, खारफुटीतून बोटीने जायचं असतं, चिखलाचा ज्वालामुखी आहे. सगळेच जातात. पण रस्त्याने जायचं तर गाड्यांचा ताफा जारवा आदिवासींच्या राखीव जंगलातून जातो. तो रस्ता बंद करा, असं सर्वोच्च न्यायालयाने २००२ मध्ये सांगितलं होतं. ताफे सुरूच राहिले. फोटो काढायला बंदी आहे, तरी काचेला नाक लावून बघायला कोण बंदी करणार? मी म्हटलं, मला नाही जायचं. होळीच्या आधी आमच्याकडे चोपडा-यावलच्या सातपुड्यात भोंगऱ्याचा बाजार भरतो. पावरा आदिवासींच्या पोरी चांदी घालून, ढोलाच्या मागे नाचत येतात. त्यांच्या तोंडासमोर मोबाइल धरून उभी असलेली शहरातली माणसं मी पाहिली आहेत. एका वर्षी त्यांच्यात मीही होते. एका मुलीने माझ्याकडे जे बघितलं, ते मला अजून विसरता आलेलं नाही. गुहा पाहायच्याच असतील तर नोट काढून वेरूळ बघू.

ज्वालामुखीचं काय, असं लेकीने विचारलं. भारतातला एकच जागता ज्वालामुखी तिकडे, बॅरन बेटावर, श्री विजय पुरमपासून साधारण १३५ किलोमीटर. तोही राहू दे. आमच्या मळ्याच्या मागचा सातपुडा काय दुसरा आहे? तो काळा कातळही लाव्हाच, साडेसहा कोटी वर्षांपूर्वी थंड झालेला.

प्रवाळाचं दादाला समजावणं मला वाटलं होतं तेवढं अवघड गेलं नाही. मी म्हटलं, प्रवाळ हा जीव आहे, दगड नाही. त्याच्या अंगात बारीक शेवाळ राहतं, तेच त्याला खायला घालतं, रंगही त्याचाच. समुद्र नेहमीपेक्षा एखाददोन अंशांनी जरी जास्त दिवस तापला, तरी ते शेवाळ बाहेर पडतं आणि प्रवाळ पांढरा फटक होतो. अंदमानात २०१० आणि २०१६ मध्ये असं मोठ्या प्रमाणावर झालं. पाणी लवकर निवलं तर तो सावरतो, नाहीतर मरतो. आणि तो असतो म्हणून लाटा बाहेरच फुटतात, किनाऱ्यावर जोर कमी होतो.

"म्हनजे समुद्राची शेवरी," दादा म्हणाला.

केळीच्या बागेभोवती वारा अडवायला शेवरी लावतात. याहून सोपं मला सांगता आलं नसतं. एका अंशाने काय होतं, हेही त्याला विचारावं लागलं नाही. ज्याने चव्वेचाळीस आणि सेहेचाळीसमध्ये केळीच्या पानाचा फरक पाहिलाय, त्याला अंश कळतो.

वहिनींना विदूषक मासा आवडला. तो नारिंगी, पांढऱ्या पट्ट्यांचा. लेकीने सांगितलं, हे सगळे मासे जन्माने नरच असतात. टोळीतली मोठी मादी मेली की सगळ्यांत मोठा नर मादी होतो आणि टोळी चालवतो. वहिनी म्हणाल्या, "आपल्याकडंबी तसंच करायले पाह्यजे." दादाने विषय बदलला.

मे महिन्यात मी भुसावळला बायकांच्या पोहण्याच्या वर्गाला नाव घातलं. पाणी चहासारखं गरम. पहिल्या दिवशी शिकवणाऱ्या मुलीने विचारलं, येतं का? मी म्हटलं, येतं. तिने या टोकापासून त्या टोकापर्यंत जायला सांगितलं. निम्म्यात माझा दम गेला. मला तरंगता येत होतं, बुडी मारता येत होती, उभ्या उभ्या पाणी मारत तासभर थांबता आलं असतं. लांब जाता येत नव्हतं. विहिरीत शिकलेल्या माणसाला लांब पोहायला कोण शिकवणार? विहिरीला लांबी कुठे असते? मुलगी हसली नाही, हे तिचं मोठेपण. चौथ्या दिवशी मी तिच्या नकळत तळाला हात लावून आले. पाच फूट. फरशी होती.

कपड्यांचा प्रश्न तिथेच सुटला. पूर्ण बाह्यांचा टी-शर्ट, घोट्यापर्यंतची तंग विजार. तिकडे वरून रबरासारखा जाड पोशाख देतात. माझी धास्ती वेगळीच होती. पोशाखात मी मावेन का?

मग आला वैद्यकीय अर्ज. दोन पानं. दमा आहे का, फिट येते का, कानाची शस्त्रक्रिया झाली आहे का, वय पंचेचाळीसच्या पुढे आहे का. एका जरी प्रश्नाला ठराविक ठिकाणी "हो" आलं की डॉक्टरची सही लागते. माझ्या अर्जावर डॉक्टरांनी सही केली. दादाला रक्तदाबाची गोळी आहे, चार वर्षं झाली. त्यांनी दोनदा यंत्र लावलं, आकडा बघितला आणि म्हणाले, काका, बोटीत बसून मजा बघा.

दादा काही बोलला नाही. बाहेर आल्यावर उसाचा रस प्यायलो. मग म्हणाला, "अर्ध्या घंट्याचे चार हजार मागतात ते लोकं. आपल्या इहिरीत तं दिवसभर फुकट पवत होतो." मी म्हटलं, तू नसशील तर मीही नाही जात. त्यावर तो खरोखर चिडला. त्याला असा चिडलेला मी फार वर्षांनी पाहिला.

आता तिकिटं निघाली आहेत. चेन्नईपर्यंत पासवर, पुढची लेकीच्या कार्डावर. पाण्याची पाळी पुतण्या सांभाळणार आहे. त्याला दादाने आत्तापासूनच वहीत लिहून द्यायला सुरुवात केली आहे. वहिनींनी शेव, दशम्या आणि केळीचे वेफर असं तीन डब्यांचं सांगितलं. वेफर कशाला, तिकडेही केळी पिकते, असं लेक म्हणाली. तेव्हापासून दादाला तिथल्या केळीबागा पाहायच्या आहेत, म्हणजे बेत आणखी अर्ध्या दिवसाने वाढला.

परवा तो भुसावळला आला होता. जेवणं झाल्यावर माझ्याकडून सगळं पुन्हा एकदा ऐकून घेतलं. कान, श्वास, खुणा. पहिल्या दोन परसातच दुखेल, घाबरून उलटी फिरू नको, म्हणाला. मग म्हणाला, "तळाले गेली म्हनजे काही तरी उचलून आन."

मी म्हटलं, तिथे तसं चालत नाही. हात लावायचा नाही. प्रवाळाचा तुकडा, शिंपला, काही उचलायचं नाही. विमानतळावर सामान तपासतात.

"मूठभर वाळूबी नाही?"

"नाही."

तो जरा वेळ गप्प बसला.

"मंग तू गेलती हे आम्हाले कसं समजीन?"

व्हिडिओ काढून देतात मामा, असं लेकीने आतून ओरडून सांगितलं. त्याला ते पटलेलं दिसलं नाही.